दिवा लागायला लागणारा वेळ

मानवतेच्या अंधाऱ्या वाटेवर परिचर्येचा दीप युगानुयुगे अखंड तेवत राहील. नर्सिंग शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका संघटनेच्या वेबसाइटवर हे वाक्य बरीच वर्षं सर्वांत वर होतं. भाषणांतून ते म्हटलं जाई. एका कॉलेजने तर ते जिन्यातल्या भिंतीवर रंगवून घेतलं. वाक्य माझं होतं. वेबसाइट मी करत होतो; पहिल्या पानावरच्या चित्राच्या वर एका ओळीची जागा मोकळी दिसत होती आणि अध्यक्ष मॅडमना मोकळी जागा सहन होत नसे. डबे यायला दहा मिनिटं होती, तेवढ्यात लिहिलं.

वाक्याखालचा दिवाही माझाच. नर्सिंगच्या मुली पहिल्या वर्षी हातात दिवा घेऊन शपथ घेतात, म्हणून दिवा. वेबसाइट उघडली की पडदा पूर्ण काळा होई, मग एक ठिणगी, मग वात, मग हळूहळू मोठी होत जाणारी ज्योत, आणि मागे बासरी. ज्योत खऱ्यासारखी थरथरावी म्हणून मी तीन आठवडे खपलो होतो. दिव्यानंतर अध्यक्षांचा संदेश, फोटोसह. त्यानंतर अध्यक्षांचे फोटो, संदेशाशिवाय. या सगळ्याच्या पलीकडे, कोणी टिकून राहिलंच तर, शिक्षकांच्या कामाचं काहीतरी असे.

तेव्हा खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या. दोन इमारतींच्या मध्ये अजून ज्वारी दिसायची. आमच्या कंपनीच्या मालकांची मेहुणी म्हणजे त्या संघटनेच्या अध्यक्ष. त्यामुळे वेबसाइट फुकट करायची होती, आणि फुकटचं काम जो लवकरच नोकरी सोडणार त्याला देण्याची पद्धत होती. मी कायमच सोडण्याच्या बेतात असे. सगळेच असत. जेवणाच्या टेबलावर लोक पदार्थांपेक्षा पगारवाढीबद्दल जास्त बोलत आणि एका खुर्चीत वर्षभर बसलेल्या माणसाकडे आजारी असल्यासारखं बघत.

अशा ठिकाणी एका सकाळी बाई आल्या.

बाई म्हणजे संघटनेच्या सचिव. सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये आयुष्यभर शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी, आणि खांद्याजवळ पिनेने उलटं टांगलेलं घड्याळ. रुग्णाची नाडी मोजताना मनगट वळवावं लागू नये म्हणून नर्सेस पूर्वी ते तसं लावत. येरवड्याहून बसने आल्या होत्या, आणि बस रिकामी असूनही उभ्याने आल्या होत्या हे मला पुढे कळलं.

मी खुर्ची पुढे केली.

“ड्यूटीवर बसत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“पण तुम्ही रिटायर झालात ना?”

“पेन्शन सुरू झालीय. ड्यूटी संपल्याचं पत्र मला मिळालेलं नाही. वेबसाइट उघडा.”

मी उघडली. बाईंनी डाव्या हाताची दोन बोटं माझ्या मॉनिटरच्या कडेवर ठेवली, उजव्या हाताने घड्याळ वर केलं, आणि ज्योत पूर्ण होईपर्यंत पापणी हलवली नाही.

“पन्नास सेकंद. हे इथे, तुमच्या या राजवाड्यात. तालुक्याच्या गावी किती?”

“तिथे लाइन जरा हळू असते. थोडा जास्त लागेल.”

“थोडा म्हणजे किती?”

“मोजला नाही.”

“माणसाला चार मिनिटं श्वास मिळाला नाही तर पुढचं काही करून उपयोग नसतो,” बाई म्हणाल्या. “तुमच्या दिव्याने त्यातलं एक मिनिट इथेच खाल्लं. छान आहे हो दिवा. कोणासाठी आहे?”

मी बासरीचा आवाज कमी केला.

बाई कोणालाही नावाने हाक मारत नसत. वॉर्डात पलंगाच्या नंबराने हाक मारायची सवय, ती बाहेरही सुटली नव्हती. बाहेर फक्त नंबरच्या जागी काम यायचं. संघटनेच्या खजिनदार बाई म्हणजे ‘पावतीपुस्तक’. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी ‘फोन’. मी ‘वेबसाइट’. “अहो वेबसाइट, आज रंग उतरलाय तुमचा, नाश्ता झाला का?” असं त्या चारचौघांत विचारत, आणि नवीन माणसाला त्या संगणकाशी बोलताहेत की माझ्याशी हे कळत नसे. एकदा मी धीर करून माझं नाव सांगितलं. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. “चांगलं आहे,” म्हणाल्या, “आईने हौसेने ठेवलेलं दिसतंय,” आणि पुढच्या वाक्यात मी पुन्हा वेबसाइट झालो.

त्यांच्यासमोर बसणं हा एक छळ होता, कारण त्या स्वतः उभ्या असत, आणि नुसत्या उभ्या नव्हे, फिरत्या. मी काम करत असताना मागून टेबलं सरळ कर, खिडकीच्या पट्ट्या एका रेषेत लाव, कोणाच्या तरी खुर्चीवरचं जॅकेट चार कोपरे जुळवून घडी कर, असं चाले. जाता जाता लोकांचे श्वास मोजत. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला त्यांनी ओळखपाळख नसताना सांगितलं, “मिनिटाला बावीस. बसल्या जागी! सिगरेट सोडा नाहीतर नोकरी.” त्याने नोकरी सोडली. पण ती त्याला दुसरीकडे जास्त पैशाची मिळाली म्हणून.

एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, सही आणायला. दोन खोल्या, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याच्या शेजारी बुद्धाची तसबीर, आणि बाकी सगळी भिंत लोखंडी कपाटांची. कपाटांत तक्ते. एखादं काम, म्हणजे इंजेक्शन देणं, जखम बांधणं, नळी घालणं, कोणत्या क्रमाने करायचं, याची एका पानाची यादी म्हणजे तक्ता. शिक्षिका तो हातात धरून मुलींना करून दाखवतात, आणि परीक्षेत त्याच्याच आधारे गुण देतात. बाईंनी असे सगळे तक्ते मराठीत लिहून, टाइप करून, दरवर्षी सुधारून ठेवले होते.

“हे वेबसाइटवर पाहिजे. पहिल्या पानावर,” त्या म्हणाल्या.

“आहेत ना बाई. ‘शैक्षणिक’ मध्ये, मग ‘संसाधने’, मग ‘इतर’.”

“औषधाचं कपाट कोणी माळ्यावर ठेवतं का?”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी कबूल करतो की ते मला तेव्हा पुरतं समजलं नाही. त्या वर्षी काही तक्ते बदलले होते. उदाहरणार्थ, नाकातून पोटात जेवणाची नळी घालतात. ती पोटातच गेली, फुप्फुसात नाही, हे बघायला पूर्वी नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघत. ती पद्धत भरवशाची नाही म्हणून बाद झाली होती. पण लांबच्या गावात एकटी शिक्षिका, साठ मुली, सरावाला एक हात तुटलेला पुतळा, आणि जुनं पुस्तक. नवा तक्ता तिला सकाळी आठच्या वर्गाआधी मिळाला नाही, तर ती जुनाच शिकवणार, आणि साठ मुली हाताला तीच सवय घेऊन वॉर्डात जाणार.

“माझ्याकडून पोस्टाने किती जाणार? मी किती दिवस पुरणार?” बाई कपाटाचं दार लावत म्हणाल्या. “तुमचं ते यंत्र म्हणे जगात कुठेही एका क्षणात पोचतं. मग माझ्याच मुलींपाशी येऊन ते दिवा का लावत बसतं?”

त्यानंतर रिपोर्ट बुक सुरू झालं. हॉस्पिटलात पाळी संपताना नर्स पुढच्या नर्सला वहीत लिहून चार्ज देते, तशी बाईंनी वेबसाइटची वही घातली. रोज सकाळी घराजवळच्या सायबर कॅफेत जाऊन त्या राउंड घेत. प्रत्येक पान उघडून बघत, आणि लिहीत: ‘मुखपृष्ठ शुद्धीवर. परिपत्रकांच्या पानाचा प्रतिसाद मंद. छायाचित्रांना सूज. डॉक्टरांना कळवले.’ डॉक्टर म्हणजे मी. आठवड्यातून एकदा वही खराडीला येई आणि प्रत्येक नोंदीखाली मला सही करावी लागे. नाही केली तर बाई उभ्या. त्या तशाही उभ्याच असत, पण सही राहिली असली की अधिक उभ्या वाटत.

मी खराडीतल्याच दुसऱ्या कंपनीत गेलो तेव्हा त्यांना फोनवर सांगितलं.

“चार्ज कोणाला दिलात?”

“चार्ज असा काही नसतो आमच्यात. लॅपटॉप परत केला.”

“म्हणजे पेशंट तसाच टाकून पाळी सोडली,” बाई म्हणाल्या. “आधीच्या कंपन्यांमध्येही असंच?”

मी मनात मोजलं. असंच होतं. पुढे मी बऱ्याच कंपन्या बदलल्या, वारज्यातल्या घरून शहराच्या प्रत्येक टोकाला जाऊन नोकरी करून पाहिली. ती वेबसाइट मात्र संध्याकाळी घरून बघत राहिलो. दुसऱ्या कोणाला चार्ज देण्याइतकी वही माझ्याकडून कधी नीट भरलीच गेली नाही, हे त्याचं कारण.

मग संघटनेचं अधिवेशन जवळ आलं आणि अध्यक्ष मॅडमनी वेबसाइट नव्याने करायचं ठरवलं. दिवा दुप्पट मोठा. बासरीच्या जागी मुलींच्या आवाजात शपथ. बाईंनी कार्यकारिणीत विरोध केला: पहिल्या पानावर तक्ते, दुसरं काही नको. वाद चिघळला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आपण लोकशाहीवादी आहोत, सभासदांनाच विचारू. आणि एक फॉर्म गेला. वेबसाइट आपणांस कशी वाटते: अत्यंत समाधानकारक, समाधानकारक, असमाधानकारक. खाली शेऱ्यासाठी जागा.

फॉर्म आले. झाडून सगळ्यांनी ‘समाधानकारक’वर खूण केली होती. मला धक्का बसला, बाईंना नाही.

“अहो वेबसाइट, त्याच मॅडम परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून येतात यांच्याकडे. त्यांना लेखी असमाधानकारक कोण देईल? तुम्ही तुमच्या साहेबाला द्याल?”

“मी सोडून जाईन.”

“त्या जात नाहीत. तेवढाच फरक आहे. शेरे बघू.”

शेऱ्यांत मत नव्हतंच. तक्रार नाही, सूचना नाही. या बायकांना पहिल्या वर्षापासून एकच लिहायला शिकवलेलं: वेळ, आणि त्या वेळी जे दिसलं ते. स्वतःचं मत रुग्णाच्या कागदावर लिहायचं नाही. त्यांनी वेबसाइटचाही तसाच कागद भरला होता. मला तो निव्वळ वेडेपणा वाटला. बाई मात्र एकेक शेरा वाचत गेल्या, आणि एक फॉर्म त्यांनी बाजूला काढला.

कार्यकारिणीची बैठक सदाशिव पेठेतल्या ऑफिसात झाली. टेबलाभोवती नऊ बायका, सगळ्या नर्सिंगमधल्या, सगळ्या मोठ्या पदांवर. मी कोपऱ्यात, गुन्हेगार म्हणून बोलावलेला. बाई भिंतीशी उभ्या.

अध्यक्ष मॅडमनी गठ्ठा उचलून दाखवला. “एकही असमाधानकारक नाही. एकही! मला वाटतं विषय संपला.”

“शेरे वाचलेत का आपण?” बाईंनी विचारलं.

“वाचले की. घड्याळ लावून बसल्यात सगळ्या. तुमच्याच विद्यार्थिनी, दुसरं काय करणार?”

“एक वाचू?”

“वाचा. पण आटपा, मला कात्रजला पोचायचंय.”

बाईंनी फॉर्म हातात घेतला आणि वाचायला लागल्या. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पाळी बदलताना पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून रिपोर्ट देतात तो आवाज. वर नाही, खाली नाही, घाई नाही.

“सात पस्तीस. सायबर कॅफेत पोचले. सात अडतीस. वेबसाइट उघडली. पडदा काळा. सात एक्केचाळीस. पडदा काळा. प्रतिसाद नाही.”

पावतीपुस्तक बाई फायलीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं.

“सात चव्वेचाळीस. ठिणगी दिसली. सात एकोणपन्नास. ज्योत पूर्ण. बासरी सुरू. दुकानदाराने आवाज बंद करण्यास सांगितले. सात बावन्न. अध्यक्षांचा संदेश, अर्धा. सात पंचावन्न. वीज गेली.”

“अगं बाई,” कोणीतरी म्हणालं.

“आठ दोन. वीज आली. पुन्हा सुरू केले. पडदा काळा. आठ सहा. पडदा काळा. प्रतिसाद नाही.”

खोलीत काय होत होतं ते मला कळायला वेळ लागला. नऊच्या नऊ बायका सरळ बसल्या होत्या. त्यांना वेबसाइट दिसत नव्हती. त्यांना पलंग दिसत होता. प्रत्येकीने असा रिपोर्ट शेकडो वेळा ऐकला होता, आणि तो कुठे चाललाय हे त्यांना शब्दांच्या आधी कळत होतं. अध्यक्ष मॅडमनी डोळे मिटले होते. त्यांनी ते उघडले नाहीत. तसंच, ओरडल्यासारखं विचारलं,

“आठ सहाला परत काळा? मग कळवलं का कोणाला? डॉक्टर कुठे होते?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“खराडीत,” मी म्हणालो.

बाईंनी शेवटची ओळ वाचली. “आठ दहा. वर्गाची वेळ झाल्याने निघाले. नळीचा नवीन तक्ता मिळाला नाही. जुना शिकवला.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुठली नळी? नाकातली?”

“हो.”

“म्हणजे पाण्यात बुडबुडे?”

“तेच.”

माझा असा समज होता की मॅडमना फोटोपलीकडे काही येत नाही. तो त्या दिवशी मोडला, आणि माझा तो जरा आवडता समज होता. मॅडमनी हात पुढे केला, फॉर्म मागितला. बाईंनी दिला नाही.

“कोण आहे ही?”

“नाव झाकलंय.”

“झाकलेलंच ठेवा,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, “दिव्याला किती मिनिटं?”

“अकरा,” बाईंनी सांगितलं.

“काढून टाका.” मग त्या म्हणाल्या, “पण आत कुठेतरी असू द्या. मुलींना आवडतो.”

त्या कात्रजला गेल्याच नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी आणि बाईंनी तक्त्यांचा क्रम लावला. मॅडम बसून, बाई उभ्या. दोघींचं तीन वेळा भांडण झालं, तिन्ही वेळा हात धुण्याच्या पायऱ्यांवरून.

अधिवेशनात कळ दाबून उद्घाटन झालं. मोठ्या पडद्यावर एक पांढरं पान आलं. त्यावर निळ्या अक्षरांत ओळीने तक्त्यांची नावं. आणखी काही नाही. सभागृह शांत बसून राहिलं, कारण वेबसाइट अजून उघडायची आहे असं सगळ्यांना वाटलं. सूत्रसंचालिकेने “थोडी तांत्रिक अडचण” असंही जाहीर केलं.

“अडचण नाही. हीच आहे,” बाजूला उभ्या असलेल्या बाई माइकशिवाय म्हणाल्या.

टाळ्या नीट वाजल्याच नाहीत. मला वाईट वाटायच्या बेतात होतं, तेवढ्यात लक्षात आलं की मागच्या रांगांतल्या बायकांचे हात रिकामे नव्हते. त्या पत्ता उतरवून घेत होत्या.

पुढच्या आठवड्यात वहीत एक नोंद होती, कोणीतरी फोनवरून सांगितलेली, बाईंच्या अक्षरात. ‘७.४० उघडली. ७.४१ तक्ता सापडला. ७.४३ छापला. ७.४५ चहा घेतला. ८.०० वर्ग. नवीन तक्त्याप्रमाणे पुन्हा शिकवले.’

“चहाची नोंद अनावश्यक आहे,” बाई म्हणाल्या. पण ती त्यांनी खोडली नव्हती.

त्यानंतरच्या निवडणुकीत बाई सचिवपदावर राहिल्या नाहीत. अध्यक्ष झाल्या दुसऱ्याच कोणी, त्यांना दिवा पाहिजे होता. मी त्यांना वहीतली एक जुनी नोंद वाचून दाखवली. आवाज काही मला जमला नाही, तरी काम भागलं. नंतर आणखी कोणी आल्या, त्यांनाही वाचून दाखवली. बाईंचा राउंड चालूच राहिला, आधी कॅफेत, मग नातीच्या मोबाइलवर, आणि वहीही.

अलीकडेच संघटनेने बाईंना जीवनगौरव दिला. नव्या पदाधिकाऱ्यांना कोणीतरी जुन्या दिव्याबद्दल सांगितलं असावं. सत्काराच्या वेळी मागच्या पडद्यावर तोच दिवा तेवत राहिला पाहिजे, असा निरोप मला आला. मानपत्रातही माझंच ते दीपाचं वाक्य घातलेलं होतं, प्राचीन वचन म्हणून. मी दिवा शोधून काढला. ‘संघटनेविषयी’च्या पानावर, तळाशी, होता तिथेच होता. फक्त ज्या सॉफ्टवेअरवर तो लागायचा, ते एव्हाना सगळ्या जगातच बंद झालं होतं. कार्यक्रम संपेपर्यंत बाईंच्या मागे पडद्यावर एक मोठा राखाडी चौकोन होता. त्यांच्यासाठी मखमली खुर्ची ठेवली होती, ती रिकामी होती.

चार दिवसांनी नेहमीप्रमाणे वही आली. त्या दिवसाची नोंद अशी होती:

‘११.०५ सत्कार सुरू. मानपत्राचे वाचन. ११.२० वाचन चालू. ११.३४ वाचन चालू. श्रोत्यांची हालचाल मंद. ११.४० शाल दिली. हवामान उष्ण, गरज नव्हती. पडद्यावर दिवा लागला नाही. कोणालाही त्रास नाही.’